तासाभराचे लोणचे

आमच्या फ्रिजच्या दारात सॉसच्या बाटलीशेजारी एक काचेची बरणी गेली काही वर्षे मुक्कामाला आहे. आतला माल दर आठ-दहा दिवसांनी बदलतो, बरणी मात्र तीच. पूर्वी तिच्यात जाम होता, हे अर्धवट निघालेल्या लेबलावरून अजूनही ओळखता येते. आता तिच्यात लाल कांद्याचे पातळ काप, व्हिनेगर, पाणी, मीठ आणि थोडी साखर एवढेच असते. या पदार्थाला घरात काय म्हणायचे, याचा निर्णय मात्र अजून झालेला नाही. ‘व्हिनेगरमधला कांदा’ हे नाव प्रयोगशाळेतल्या नमुन्यासारखे वाटते आणि ‘लोणचे’ म्हणावे तर आत्या रागावते.

आत्याने ते पहिल्यांदा पानात वाढून घेतले, तेव्हा ‘कधी घातलेस?’ असे विचारले. ‘तासभर झाला असेल,’ असे मी सांगताच ती म्हणाली, ‘अरे, मग हे लोणचे कसले? लोणचे घालून विसरायचे असते. तू तर चमचा हातात घेऊन उभा आहेस.’ तिच्या बाजूने सगळी भाषा उभी आहे, हे मला मान्य आहे. लोणच्याला मुरावे लागते आणि मुरण्याला आपण इतका मान दिला आहे की, माणसाच्या अनुभवालाही तोच शब्द लावतो. माझा कांदा मुरत नाही, फक्त भिजतो. तरीही ‘लोणचे’ या शब्दाच्या पोटात लवण, म्हणजे मीठच आहे आणि मीठ माझ्याही बरणीत आहे, एवढ्या नात्यावर मी ते नाव सोडायला तयार नाही.

शिवाय मुरण्याचे काम झालेलेच असते. ते फक्त माझ्या घरी झालेले नसते. मिठाच्या पाण्यात भाज्या आंबवल्या, तर आंबटपणा तयार करणारे जिवाणू त्याच भांड्यात कामाला लागतात आणि त्याला दिवस किंवा आठवडे जातात. व्हिनेगरमध्ये ही मेहनत आधीच कोणीतरी उरकलेली असते. फळांच्या रसाचे किंवा धान्याचे आधी मद्य होते आणि मग दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या मद्याचे ॲसेटिक आम्ल करतात. बाटलीवर ‘सिंथेटिक’ असे लिहिलेले असेल, तर मात्र हा युक्तिवाद बाद होतो. म्हणून मी ती बाटली आणत नाही, असे आत्याला सांगतो. खरे कारण चव हे आहे.

कांदा चिरताना मी थोडा हट्टी आहे. गोल चकत्या दिसायला सुरेख असतात, पण मी कांदा शेंड्यापासून बुडख्यापर्यंत उभा चिरतो, कारण तसे केले की सुरी पेशींच्या रांगांना आडवी न जाता त्यांच्या बाजूने जाते, कमी पेशी फुटतात आणि काप करकरीत राहतो. पेशी कमी फुटल्या की डोळेही कमी झोंबतात. अखंड कांद्यात झोंबणारे काहीच नसते. गंधकयुक्त द्रव्ये एका कप्प्यात आणि त्यांच्यावर काम करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, दुसऱ्या कप्प्यात, अशी ती एका घरातली अबोला धरलेली मंडळी असतात. सुरीने भिंत पाडली की दोघांची गाठ पडते आणि भांडणाचा धूर आपल्या डोळ्यांत जातो. हा झोंबणारा वायू आपोआप तयार होत नाही, त्यासाठी कांद्यात आणखी एक स्वतंत्र विकर असते, हे जपानमधल्या संशोधकांनी 2002 साली दाखवले आणि त्याबद्दल त्यांना 2013 साली रसायनशास्त्राचे इग नोबेल मिळाले. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हे पारितोषिक देतात. भरल्या डोळ्यांनी कांदा चिरणाऱ्याला त्यातले हसणे जरा उशिरा कळते. उपाय साधाच आहे: कांदा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा आणि सुरी धारदार असावी.

प्रमाण सांगायचे, तर दोन मध्यम कांद्यांना 150 मिलिलिटर व्हिनेगर, तेवढेच पाणी, एक सपाट चमचा मीठ आणि दीड-दोन चमचे साखर मला पुरते. साखर गोडीसाठी नसून व्हिनेगरचा कोपरा घासून काढण्यासाठी असते, त्यामुळे ती जिभेला वेगळी कळली तर जास्त झाली असे समजावे. पहिल्यांदा मी उत्साहाच्या भरात कांदाच व्हिनेगरमध्ये उकळला. वाफेने घरभर खोकला पसरला आणि बरणीत ओल्या फितीसारखे काहीतरी पडून राहिले. तेव्हापासून पाणी, मीठ आणि साखर तेवढी गरम करतो, साखर विरघळली की गॅस बंद करून त्यात व्हिनेगर ओततो आणि ते कोमट मिश्रण कांद्यावर घालतो. काप पूर्ण बुडाले पाहिजेत, एवढेच पथ्य. अगदी गार मिश्रणही चालते. फक्त मग तासाऐवजी रात्रभर थांबावे लागते आणि थांबायचे असते तर मी आत्याचे ऐकले नसते का?

यानंतर जे घडते, ते पाहण्यासाठीच मी काचेची बरणी वापरतो. लाल कांदा खरे तर फारसा लाल नसतो. त्याच्या प्रत्येक पाकळीच्या पाठीवर जांभळ्या रंगाचा एक पातळ पापुद्रा असतो आणि आतला गर पांढराच असतो. या पापुद्र्यातले रंगद्रव्य पाण्यात उतरणारे आणि आम्लात तांबडे होणारे आहे. मिश्रण ओतल्यावर पाचेक मिनिटांत कापांच्या कडा उजळू लागतात, अर्ध्या तासात पाणी गुलाबी होते आणि सकाळपर्यंत तोच रंग पांढऱ्या गरात शिरून सगळा कांदा एकाच गुलाबी छटेचा होतो. एकदा ओट्यावर सांडलेले हे पाणी मी खाण्याचा सोडा टाकून पुसायला गेलो, तर फेसाबरोबर गुलाबी डाग बघता बघता निळसर-हिरवा झाला. शाळेत लिटमस कागदावर जे पाहून मी कधीच चकित झालो नव्हतो, ते ओट्यावर पाहून चांगलाच झालो. लसणाने मात्र घाबरवले होते. चवीसाठी टाकलेल्या दोन पाकळ्या दुसऱ्या दिवशी निळ्या पडल्या आणि मी ती अख्खी बरणी ओतून दिली. आम्लात लसूण असा निळा-हिरवा होऊ शकतो आणि तो खायला निर्धोक असतो, हे नंतर वाचले. त्या कांद्याचे अजून वाईट वाटते.

कच्च्या कांद्याचा उग्रपणा जेवण संपल्यावरही तोंडात रेंगाळतो. बरणीतला कांदा बराच निवळलेला असतो, कारण तिखटपणाचा काही भाग पाण्यात उतरतो आणि आंबट पाण्यात विकरांचे हातही बांधले जातात. करकरीतपणा तेवढा शिल्लक राहतो. उकडलेला बटाटा, कालचा भात, अंडे, ज्या ज्या पदार्थाला स्वतःचे फारसे म्हणणे नसते, त्यांच्यावर हे चार काप आणि चमचाभर पाणी घातले की त्यांना वाचा फुटते. मसालेदार रश्श्याशी त्याचे जमत नाही, असे माझे मत आहे. तिथे आधीच इतके जण बोलत असतात की, याचा आवाज पोचत नाही.

नाकाने कांदे सोलणाऱ्या काही मंडळींना दोन-तीन आठवडे टिकणाऱ्या या वस्तूला साठवण म्हणणे पटत नाही आणि त्यांचे खरेच आहे. हे कपाटात वर्षभर ठेवायचे लोणचे नव्हे. ते फ्रिजमध्येच ठेवावे, चमचा स्वच्छ असावा आणि ॲल्युमिनियमचे भांडे टाळावे, कारण आम्ल त्याला खाते.

काप संपले की बरणीत गुलाबी पाणी उरते. त्यातच नवा कांदा चिरून टाकण्याची काटकसर मी एकदा केली, पण ते कांदे मिळमिळीत झाले. कांद्यात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणीच असते. मीठ ते बाहेर ओढते आणि प्रत्येक खेपेला व्हिनेगर पातळ होत जाते. आता ते पाणी थोड्या तेलात फेटून काकडीवर ओततो, बरणी धुतो आणि लेबलाचा उरलेला तुकडा नखाने खरवडून पाहतो. तो निघत नाही. तोपर्यंत फ्रिजमधले दोन कांदे गार झालेले असतात.