प्लास्टिक सर्जनचे तिथे काय काम?

यकृत प्रत्यारोपणाच्या बिलात प्लास्टिक सर्जनचे नाव कशाला, असे नातेवाईक विचारतात, विमा कंपनीची माणसे विचारतात, आणि एकदा तर आमच्याच भूलतज्ज्ञांनी विचारले. तुम्हीही विचारलेत म्हणून लिहितो.

जिवंत दात्याच्या अर्ध्या यकृतासोबत येणारे धमनीचे टोक जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचे असते, म्हणून तुटलेली बोटे जोडणाऱ्या माणसाला, म्हणजे माझ्यासारख्या प्लास्टिक सर्जनला, बोलावतात. शिरा यकृताचे सर्जन जोडतात. पोर्टल व्हेन (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी मोठी शीर) शिवताना ते शेवटची गाठ भिंतीलगत आवळत नाहीत, दोऱ्यात थोडी ढील ठेवतात. रक्त सुटले की शीर फुगते आणि ती ढील सामावून जाते. धमनीत ही सवलत नाही. मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक नायलॉनचे आठ-दहा सुटे टाके घालायचे आणि प्रत्येक टाक्यात आतले अस्तर घ्यायचेच. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला क्योटोच्या सर्जननी ही पद्धत आणली, ती धमनीत गुठळ्या होत म्हणूनच.

तरीही माझ्या हातून एक धमनी बिघडली. मुलीने वडिलांना यकृताचा उजवा भाग दिला होता. वडिलांच्या धमनीचे अस्तर भिंतीपासून सुटत असल्याचे मला दिसले होते. मी टोक मागे कापले, पुन्हा पाहिले आणि एवढे चालेल असे ठरवले. (रात्रीचे दोन वाजले होते, ही सबब नव्हे, पण वाजले होते.) तिसऱ्या दिवशी डॉप्लरवर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, धमनीचा प्रवाह दिसेना. पोट पुन्हा उघडले, तेव्हा मागच्या भिंतीच्या एका टाक्यात अस्तर आलेलेच नव्हते. ते पडद्यासारखे प्रवाहात लोंबत होते आणि त्याच्या आड गुठळी बसली होती. जठराच्या खालच्या कडेची धमनी वर वळवून जोडली. यकृत वाचले, परंतु पित्तनलिका धमनीच्याच रक्तावर जगतात. त्या पुढे आक्रसल्या आणि स्टेंट बदलण्यासाठी ते गृहस्थ वर्षभर येत राहिले.

ती दुसरी धमनी पहिल्याच रात्री घ्यायला हवी होती, असे मी आज म्हणतो. त्या रात्रीचा मी म्हणतो, की चांगला प्रवाह समोर दिसत असताना आणखी एक धमनी कोण सोडवेल? त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही.

टाका सुटला होता का, असे मुलीने विचारले होते. मी नाही म्हणालो. ते खरेच होते, पण तिने विचारले होते त्याचे ते उत्तर नव्हते.

अलीकडे काही यकृत सर्जन डोळ्यांवर लूप्स (भिंगाचे चष्मे) चढवून धमनी स्वतःच जोडतात, आणि त्यांचे रुग्णही बरे होऊन घरी जातात. तेव्हा विमा कंपनीला काय कळवायचे ते मी अजून ठरवलेले नाही.