रेफरी, जवळ या की!

मी पोरांच्या फुटबॉल मॅचचा रेफरी. बॉलपासून लांब का राहतो, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नेरुळला विचारता, ठाण्याला विचारता, परवा तर वाशी स्टेशनच्या पुलावर एका पोराच्या वडिलांनी गाठलं. "सर, बॉल तिकडे आणि तुम्ही इकडे, असं का?" वर ते हसणं. म्हणजे वय झालं, आता पळवत नाही.

मी 46 वर्षांचा आहे. पळवतं.

आम्ही मैदानात तिरके पळतो ते खेळ आमच्या आणि लाइन्समनच्या, म्हणजे कडेच्या झेंडेवाल्याच्या, मध्ये राहावा म्हणून. हे झालं पुस्तकातलं. आपल्याकडे रविवारी सकाळी लाइन्समन म्हणजे क्लबचीच दोन पोरं, बॉल बाहेर गेला की झेंडा वर करायचा, बस. मग ऑफसाइडही, म्हणजे पास निघताना पुढचा खेळाडू डिफेंडरांच्या पलीकडे होता का ते बघणं, माझ्याच गळ्यात, आणि त्यासाठी बॉलला चिकटून चालत नाही, कडेला सरकावं लागतं. शिवाय मध्ये घुसलो आणि बॉल मलाच लागून दुसऱ्या टीमकडे गेला, तर 2019 पासून खेळ थांबवून ड्रॉप बॉल द्यावा लागतो, म्हणजे मी बॉल खाली टाकून खेळ पुन्हा सुरू करायचा. तेव्हा शिव्या देणारेही तुम्हीच.

पण खरं सांगायचं तर हे सगळं मी नंतर शिकलेलं समर्थन आहे. कारण एकच, अंडर-15 ची एक मॅच.

तेव्हा मी नवा होतो, बॉलच्या शेपटाला बांधल्यासारखा पळायचो. पाऊस नुकता उघडलेला, गोलसमोर चिखल. 0-0, शेवटची पाच मिनिटं. 9 नंबरचा पोरगा बॉल घेऊन बॉक्समध्ये घुसला, मी बरोब्बर त्याच्या मागे, चार पावलांवर. समोरून डिफेंडर घसरत आला, पोरगा आडवा. मी शिट्टी मारली, हात पेनल्टी स्पॉटकडे. मला दिसलं काय होतं? 9 हा आकडा. एक पाठ आणि उडालेला चिखल. डिफेंडरचा पाय कशाला लागला ते त्या पाठीच्या पलीकडे घडलं होतं. तो चिखलात बसूनच म्हणत होता, "सर, बॉल. सर, बॉल." ओरडलासुद्धा नाही. त्याच्या कोचनं उलट त्यालाच गप्प केलं, "सर तिथंच होते ना!"

1-0. संध्याकाळी एका पालकानं टचलाइनवरून, म्हणजे मैदानाच्या कडेवरून, काढलेला व्हिडिओ पाठवला, कौतुकानं, विजयी गोलचा म्हणून. डिफेंडरचा पाय आधी बॉललाच लागला होता, पेनल्टी नव्हतीच. बॉलची दिशा बदललेली साफ दिसते. पाठवणाऱ्याच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

त्या पेनल्टीबद्दल मला आजवर कोणी एक शब्द बोललेलं नाही. जवळ होतो ना.

तेव्हापासून 15-20 मीटर, आणि बाजूनं. दोघांच्या पायांमधली फट दिसली पाहिजे. तेव्हाचा मी हे ऐकून म्हणेल, काका, हे दमल्यावरचं तत्त्वज्ञान आहे. त्याचं अगदीच खोटं नाही. काउंटर अटॅकला 40 मीटर मागे राहतो तेव्हा तो अँगल नसतो, गुडघा असतो. आणि अँगलनंही सगळं दिसतं कुठे? 2017 च्या अंडर-17 वर्ल्ड कपची स्पेन-माली सेमीफायनल आपल्या डी. वाय. पाटील स्टेडियमलाच झाली. मालीचा लांबून मारलेला शॉट बारला लागून रेषेच्या आत पडला, रिप्लेत दिसतंय, पण गोल मिळाला नाही. अशा शॉटला रेफरी मागे असतो, लाइन्समन शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या रेषेत. गोललाइनवर उभं कोणीच नसतं.

गेल्या महिन्यात ठाण्यात तसाच टॅकल झाला. मी लांब होतो, बाजूला होतो, पाय बॉलवर दिसला, पेनल्टी दिली नाही. अख्खी टचलाइन अंगावर आली, "तिथून काय दिसतं?" मला दिसलं होतं. म्हणजे, माझी खात्री होती. रात्री अंथरुणावर पडल्यावर जरा कमी झाली.

ठाण्याच्या त्या मॅचचा व्हिडिओ कोणाकडे असेल तर पाठवा.