सेशनची नोंद त्याच दिवशी

नौपाड्यात काय, वाशीत काय, समुपदेशनाच्या छोट्या क्लिनिकची एकच केबिन दोघातिघांत वाटलेली असते. पुढचा क्लायंट दारात, आणि नोंद राहून जाते. दोन सेशनमध्ये १० मिनिटं मोकळी ठेवाच. उशिरा लिहिलं की क्लायंटचे शब्द आणि आपला अर्थ यांची सरमिसळ होते. ‘आईशी नातं बिघडलंय’ हा आपला निष्कर्ष झाला. ‘आईचा फोन आला की धडधडतं, तीन दिवस उचलला नाही’ ही खरी नोंद; पुढच्या वेळी फरक पडला का, हे तिच्यावरूनच कळतं.

आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारलं आणि उत्तर ‘नाही’ आलं, तरी ते लिहा. कोरी जागा म्हणजे विचारलंच नाही, असाच अर्थ निघतो. उत्तर ‘हो’ असेल तर योजना, हाताशी असलेलं साधन, आधीचे प्रयत्न, कुणाला कळवलं, पुढची भेट कधी, सगळं त्याच दिवशी.

चूक झाली तर एक आडवी रेघ, सही, तारीख. व्हाइटनर नको. नाव-फोन वेगळ्या फाइलीत कुलपाखाली, नोंदीवर फक्त कोड.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २५ नुसार रुग्णाला स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क आहे. शेरेबाजी कटाक्षाने टाळा. तिसऱ्या माणसाचं नावही नको, ‘थोरला दीर’ पुरे. ठाण्यात ओळखी निघायला वेळ लागत नाही.