पाइप करायचाय? लेथ राहू द्या, आधी चांगली कानस घ्या

दोनतीन जणांनी विचारलं की तंबाखूचा लाकडी पाइप घरी करायचा तर हत्यारं काय घेऊ, म्हणून एकदाच लिहून टाकतो. (मी स्वतः ओढत नाही, करायला मजा येते म्हणून करतो. आई अजूनही "तुझ्या चिलमी" म्हणते.)

आधी माझा गाढवपणा ऐका. सुरुवातीलाच ऑनलाइन एक छोटं रोटरी मशीन (टोक फिरवून घासायचं-कोरायचं) घेतलं, सोबत दीडशे टोकांचा बॉक्स, त्यातले आजवर चार वापरले असतील. आणि मग मोठ्या जोशात हातातल्या ड्रिलने ब्रायरच्या ठोकळ्याला भोकं पाडायला बसलो. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळापाशी येणारी गाठ, ती कित्येक तास उकळून आणि महिनोन्‌महिने वाळवून मग विकतात, सहज जळत नाही म्हणून पाइपला तीच घ्यायची, आणि इथे मागवायची तर कुरियरच रडवतं. तर धुराचं ४ मिमीचं भोक बाउलच्या (तंबाखू भरायच्या वाटीच्या) तळाशी बरोब्बर मधोमध निघायला हवं, माझं निघालं अर्धं पेर वर. दिसायला पाइप झक्कास, पण खालचा तंबाखू जळतच नाही, ओला होऊन बसतो आणि ओढलं की गुडगुड. ज्या मित्राला दिला त्याने शोकेसमध्ये ठेवलाय.

म्हणून पहिले दोनतीन पाइप भोकं आधीच पाडलेल्या, स्टेम (तोंडात धरायची नळी) बसवलेल्या ठोकळ्यातूनच करा. कोणी चीटिंग म्हणालं तर म्हणू दे. ड्रिल प्रेस (स्टँडवरचं ड्रिल), लेथ (लाकूड फिरवून कातायचं मशीन) वगैरे नंतर.

आता पैसे कुठे घालायचे, तर रॅस्पमध्ये, म्हणजे लाकडाची खरखरीत दात्यांची कानस. एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने गोलसर अशी एकच घ्या पण चांगली घ्या, बाउल जिथे शँकला (स्टेम ज्यात बसतो त्या लाकडी दांड्याला) मिळतो त्या खोबणीत तिची गोल बाजूच जाते, तिथे मशीन फिरवलं की खड्डाच पडतो. तिच्यामागून साधी बारीक कानस आणि एक छोटी गोल कानस. पुण्यात बोहरी आळीत सगळं मिळतं. व्हाइस (लाकूड घट्ट धरून ठेवतो तो, आमच्या आयटीआयवाल्या काकांच्या भाषेत शेगडा) मी जुन्या बाजारातून उचलला, घेताना दांडा फिरवून स्क्रू लडबडत नाही ना ते बघा, आणि जबड्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवा, नाहीतर लाकडावर वळ उठतात.

व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) मात्र पहिल्या दिवसापासून हवाच. बाउलचं भोक साधारण २० मिमी असतं, भोवतीची भिंत ६ मिमीच्या खाली गेली की पाइप हातात धरवत नाही इतका तापतो, आणि घासायच्या नादात ती कधी खाली जाते कळतसुद्धा नाही.

शँक घासताना स्टेम काढायचा नाही हां! दोन्ही एकत्रच घासायचे, तरच जोडावर नख अडकत नाही. पॉलिश पेपर १५०, २२०, ३२०, ४००, ६०० असा चढत जा, मधला नंबर गाळला तर ओरखडे शेवटी मेण लावल्यावर दिसतात, तेव्हा परत मागे या. आणि मास्क लावा, ती धूळ फार बारीक असते, दोन दिवस नाकातून तपकिरी येतं.

मेण बाहेरूनच. बाउलच्या आत काहीही लावू नका, नाहीतर पहिल्याच काडीला तंबाखूऐवजी मेणबत्तीचा वास.