मोठ्याने मोजलेली 60 सेकंदं

काकांच्या हृदयाच्या पुढच्या मुख्य रक्तवाहिनीत, म्हणजे एलएडीत, एकात एक असे दोन स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणाऱ्या धातूच्या जाळ्या, आधीच होते. त्यांच्या आतही पेशी वाढून वाट पुन्हा बंद होत आली होती. तिसरा स्टेंट म्हणजे अरुंद जागेत धातूचा आणखी एक थर. म्हणून आमच्या डॉक्टर सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, जमलं तर औषधाचा लेप असलेल्या बलूनवरच भागवू.

मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या उघडतात त्या खोलीत, सिस्टर आहे. बलून फुगवला की झालं, असं बाहेरच्यांना वाटतं. त्या दिवशी खरा वेळ गेला तो औषधाच्या बलूनचं पाकीट फोडण्याआधी. ओसीटीने, म्हणजे प्रकाशाने रक्तवाहिनीचं आतून चित्र घेणाऱ्या तपासणीने, पाहिलं तर पहिला स्टेंट एका जागी मुळात नीट उघडलेलाच नव्हता. तशा जागी औषध लावून काय उपयोग? आधी कडक एनसी बलून, म्हणजे जास्त दाबालाही फारसा न ताणणारा साधा बलून, घातला आणि दाब 20 ॲटमॉस्फिअरपर्यंत नेला. मॉनिटरवर बलूनच्या मधोमध खाच दिसत होती, ती काही केल्या जाईना. सरांनी दाब सोडला, काकांना दम घेऊ दिला, पुन्हा चढवला. बऱ्याच वेळाने खाच एकदम सुटली आणि बलून सरळ झाला.

मग पाकीट फोडलं. या बलूनवर दर चौरस मिलिमीटरला साधारण 3 मायक्रोग्रॅम पॅक्लिटॅक्सेल असतं. मूळचं हे कर्करोगावरचं औषध, पेशींची वाढ रोखणारं. स्टेंटमधल्या अडथळ्यावर असा बलून वापरल्याचा जर्मनीतला अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला, त्यात रुग्ण फक्त 52 होते. लेपाला बोट लावायचं नाही, तो सलाइनमध्ये भिजवायचा नाही. रक्तात शिरल्यापासून औषध धुऊन जायला लागतं, म्हणून वाटेत रेंगाळायचं नाही. आणि संधी एकदाच, एकदा फुगवलेला बलून पुन्हा कामाचा नाही. वाट आधी मोकळी करण्यासाठी एवढी मेहनत का, ते इथे कळतं.

"काका, आता छातीत दुखेल. मी आकडे म्हणते, 60 झाले की सोडणार," मी म्हटलं. बलून फुगला की तेवढा वेळ पुढे रक्त जात नाही. विसाच्या सुमारास ईसीजीत एसटी, म्हणजे रक्त कमी पडलं की हलणारा रेषेचा भाग, वर सरकू लागला. काकांनी ओठ घट्ट मिटले. निदान 30 सेकंद हवीतच, त्यापुढची मिळतील तेवढी चांगली. सर स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाले, "बीपी?" टिकून होतं. मी मोजत राहिले. चाळिशीनंतर काकाही माझ्याबरोबर पुटपुटत आकडे म्हणू लागले. दुखणं किती वेळ सोसायचंय हे माहीत असलं की माणूस धीर धरतो, असं माझं ठाम मत आहे. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी मोठ्यानेच मोजते.

60 म्हणताच बलून खाली आला, एसटी उतरला. एक्स-रेत दिसणारा डाय सोडल्यावर रक्त पार टोकापर्यंत गेलेलं दिसलं. तरीही बलून ज्यावरून आत नेतात ती वायर सरांनी लगेच काढली नाही. कधीकधी भिंतीला चीर पडलेली असते आणि ती नंतर बोलते. थोडं थांबून पुन्हा चित्र घेतलं, सगळं जसंच्या तसं होतं.

वॉर्डात पाठवण्याआधी काकूंना आत बोलावलं. नवा स्टेंट घातला नाही म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही नकोत, असा त्यांचा समज झाला होता. दोन्ही गोळ्या चालूच राहणार, त्या कधी थांबवायच्या ते सरच सांगतील, हे मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.