"हात लावला होता का?" : लिफ्टिंग पार्टनर शोधण्याचा माझा अनुभव

माझ्या वहीप्रमाणे मी चार महिने बेंच प्रेसवर (बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलायचा) ४५ किलोचे पाच काउंट, म्हणजे सलग पाच वेळा, मारत होते. प्रत्यक्षात त्यातले तीनच माझे होते. उरलेले दोन पार्टनरचे. हे समजून बरेच दिवस झाले, पण राग काही जात नाही.

पार्टनरचं वेड लागलं ते बॉडीबिल्डर अरनॉल्ड श्वार्झनेगर आणि फ्रँको कोलंबूचे जुने फोटो बघून. एक ताडमाड, दुसरा जेमतेम त्याच्या खांद्यापर्यंत, आणि दोघं वर्षानुवर्षं एकत्र व्यायाम करणारे. फ्रँकोने १९७६ आणि १९८१ मध्ये मिस्टर ऑलिंपिया ही बॉडीबिल्डिंगची स्पर्धा जिंकली. मला असाच कुणीतरी हवा होता. त्यातून मी एवढाच अर्थ काढला की पार्टनर आपल्यापेक्षा तगडा पाहिजे.

तसा मिळालाही. शंभर किलोचं बेंच मारणारा, वेळेवर येणारा (हे श्रेय त्याला द्यायलाच हवं), वॉर्मअप न टाळणारा. स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन उठबस), डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलणं), सगळं सुरळीत.

घोडं अडलं ते बेंचवर. तो माझ्या डोक्यामागे उभा राहायचा आणि पहिल्या काउंटपासून त्याची बोटं बारखाली. चौथ्याला बार जरा मंदावला की सुरू: "अजून एक! तूच उचलतेयस, मी फक्त बोट लावलंय!" अरे, शंभर किलो ढकलणाऱ्या माणसाचं "फक्त बोट" म्हणजे माझे आठ-दहा किलो सहज गायब. बरं, माझा बार अडतो तो छातीपासून चार बोटं वर. तिथे झगडल्याशिवाय तिथली ताकद वाढणार कशी? नेमका तोच टप्पा तो रोज उचलून द्यायचा.

मी तीनदा सांगितलं, बार थांबल्याशिवाय हात लावू नकोस. तीनदा "हो हो" म्हणाला आणि पुढच्याच सेटला बोटं पुन्हा बारखाली. त्याच्या मित्राचा बार छातीवर बसला तरी हा आधी दोन शिव्या हासडायचा, मग हात घालायचा. माझा नुसता मंदावला तरी धावून यायचा. काळजी होती, हे मान्य. पण वजन ४७.५ केलं तेव्हाही पाच काउंट झाले आणि मला शंका आली. इतक्या आरामात?

फोन बाजूला टेकवून व्हिडिओ काढला. चौथ्या काउंटला त्याची कोपरं वाकलेली, खांदे कानाला टेकलेले. माझ्या बेंचवर त्याचे ट्रॅप्स (मानेपासून खांद्यापर्यंतचे स्नायू) तयार होत होते.

दुसऱ्या दिवशी एकटीच गेले. पॉवर रॅकमध्ये, म्हणजे लोखंडी चौकटीत, बेंच ठेवलं, बार पडला तर अडवणारे सेफ्टीचे दांडे छातीच्या किंचित खाली येतील असे लावले आणि ४५ घेतले. तीन. चौथा दांड्यांवर ठेवून खालून सरकत बाहेर आले आणि पाण्याची बाटली उगाच दोनदा उघडली, बंद केली. (आठवलं म्हणून सांगते: सेफ्टी नसताना एकटीने बेंच करायचंच झालं तर प्लेट्स धरून ठेवणाऱ्या क्लिप बारला लावू नका. अडकलात तर एका बाजूला कलंडून प्लेट्स तरी पाडता येतात.)

त्याला व्हिडिओ दाखवला. म्हणाला, "खरं सांगितलं असतं तर तुझा हुरूप गेला असता." संपलं. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत लिफ्ट चालू असताना स्पॉटरचा, म्हणजे बार सांभाळायला उभा असणाऱ्याचा, हात बारला लागला तर ती लिफ्ट धरतच नाहीत. आणि इथे माझी अख्खी वहीच बाद.

मग भेटल्या एक ताई. वय ५१, बेंच ३० किलो. मी बिचकतच विचारलं, "माझे ४५ तुम्हाला धरता येतील?" त्या म्हणाल्या, "अगं, पूर्ण ४५ कुठे उचलायचेत मला? तू ढकलत असशीलच की." बरोबर होतं. फक्त बार अंगावर कोसळला तर एकट्या त्यांना झेपला नसता, म्हणून सेफ्टी लावलेलीच असते. पहिल्याच दिवशी सेटआधी त्यांनी विचारलं: किती मारणार? रॅकमधून बार काढून देऊ की नको? हात कधी लावायचा? हे तीन प्रश्न स्वतःहून विचारणारं माणूस भेटलं तर सोडू नका. आमचं ठरलं, बार थांबला किंवा खाली जायला लागला तरच. चौथ्याला बार थांबला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, रॅकवर ठेवला आणि म्हणाल्या, "हा माझा होता. तीन लिही."

उंची सारखी असेल तर बरं. आमची नाही, त्यामुळे स्क्वॉटला दर सेटला रॅकचे हुक वर-खाली करावे लागतात. माझा ७० चा स्क्वॉट त्या धरत नाहीत, तिथे सेफ्टीच भरवशाची. डेडलिफ्टला स्पॉट लागतच नाही. डंबेल प्रेसला मात्र मनगटाजवळ धरायला सांगा. कोपराखाली हात दिला आणि कोपर वाकलं तर डंबेल तोंडावर. ताईंचा एकच दोष, गप्पा. तीन मिनिटांची विश्रांती सात मिनिटांवर जाते. आता टायमर लावतो, तरी "हे एवढं सांगते" चालूच असतं.

परवा ४७.५ चे चार झाले. चारही माझे.

जुना पार्टनर त्याच वेळी पलीकडच्या बेंचवर होता. नवीन आलेल्या एका मुलीच्या बारखाली बोटं घालून ओरडत होता, "तूच उचलतेयस!" नंतर पाणी प्यायला आली तेव्हा तिला म्हटलं, उद्या बाजूने एक व्हिडिओ काढ.