मिझ मार्व्हल : पणजीचं कडं आणि मधली अम्मी

सुपरहिरोच्या गोष्टीत आई बऱ्याचदा मरण्यापुरती असते. ती जाते, मुलगा पेटून उठतो, गोष्ट सुरू होते. ‘मिझ मार्व्हल’मध्ये मात्र आई सहाही भाग हजर आहे, आणि त्यातला बराच वेळ ‘नाही’ म्हणण्यात घालवते. जून २०२२मध्ये डिस्ने प्लसवर आलेली ही मालिका मला परत परत बघावीशी वाटते ती त्या ‘नाही’साठी, मारामाऱ्यांसाठी नव्हे. (पुढे सगळी गोष्ट फुटणार आहे. पाहिली नसेल तर आधी बघून या.)

आधी कॉमिक आणि मालिका यांतला फरक बघू, कारण सगळी मेख तिथेच आहे. २०१४मध्ये सुरू झालेल्या कॉमिकमध्ये नायिका कमला खानचं अंग हवं तसं ताणलं जातं, मोठं होतं, आणि ही शक्ती तिला एका धुक्यातून मिळते. आईचा त्यात काही हात नाही. मालिकेत तिच्या हातातून घट्ट प्रकाश निघतो, आणि तो जागा होतो पणजीच्या कड्यामुळे. कॉमिकच्या कट्टर वाचकांनी यावर नाकं मुरडली. पण या एका बदलानं शक्ती आईकडून आलेला वारसा झाली. पणजी आयेशा, आजी सना, अम्मी मुनीबा, मग कमला. आता कराचीहून नानीनं ते कडं पार्सलमधून पाठवलंय, आणि मुनीबानं ते अडगळ म्हणून बाजूला सारलंय. दुधापेक्षा दुधावरची साय प्रिय म्हणतात ना, तसं नानीनं मधली पिढी ओलांडून थेट नातीला गाठलंय.

मुनीबा अशी का? तिचं बालपण आईच्या अद्भुत कथा आणि लोकांची कुजबुज यांत गेलं. आयेशानं घराण्याची अब्रू घालवली, एवढंच तिच्या पदरात पडलं. त्या सगळ्यापासून दूर म्हणून ती अमेरिकेत, जर्सी सिटीला आली, संसार नीट मांडला, आणि आता पोटची पोर दिवसभर कॅप्टन मार्व्हल या तिच्या लाडक्या सुपरहिरोइनची चित्रं काढत आभाळात डोकं घालून बसते. तिला पोरीत आपली आईच दिसते. तिचा राग कडकपणातून आलेला नाही, भीतीतून आलेला आहे. झेनोबिया श्रॉफनं हे फार बारीक केलंय. ही अभिनेत्री मूळची मुंबईची पारशी, आणि वडील युसूफ झालेले मोहन कपूरही मुंबईचेच, त्यामुळे या घरातली बडबड आपल्या कानाला परकी वाटत नाही.

पहिल्या भागातला एक प्रसंग जवळून बघण्यासारखा आहे. कमलाला ॲव्हेंजरकॉनला, म्हणजे सुपरहिरोंच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, जायचंय, कॅप्टन मार्व्हलच्या वेशात. आईवडील कसेबसे तयार होतात, पण अट अशी, की अब्बू सोबत येणार. युसूफ अंगाला हिरवा रंग फासून हल्क बनून उभा, आणि लेकीसाठी मापाचा ‘छोटा हल्क’ सलवार-कमीझ तयार. कमलाला लाज वाटते, ती ते बोलून दाखवते. बापाचा चेहरा खर्रकन उतरतो. इथे चूक कोणाचीच नाही, आणि म्हणूनच हा प्रसंग लागतो : पोरीला काय हवंय हे न विचारता प्रेमानं दिलेला पोशाख आहे तो.

पाचवा भाग मालिकेचा कणा. १९४२पासून सुरू होऊन तो फाळणीपर्यंत येतो. आयेशा आणि हसन (मेहविश हयात, फवाद खान) यांचा संसार, तान्ही सना, मग १९४७मधला कराचीच्या शेवटच्या गाडीचा फलाट. चौथ्या भागाच्या शेवटी कड्यानं कमलाला तिथेच फेकलेलं असतं. गर्दीत हरवलेल्या सनाला ती प्रकाशाच्या कणांची वाट करून देते आणि पोर बापापर्यंत पोचते. म्हणजे नातीनं आजीला वाचवलं, म्हणून आई जन्मली, म्हणून नात जन्मली. हा वळसा डोक्यानं तपासायला बसलात तर गुंता होईल. मनानं मात्र तो पटतो, कारण नानीनं आयुष्यभर सांगितलेली ताऱ्यांच्या वाटेची गोष्ट खरी निघते, आणि ते मुनीबाला तिथेच, कराचीत, डोळ्यांनी बघावं लागतं.

फसलंय ते दुसऱ्या आईचं. दुसऱ्या जगातून आलेली खलनायिका नजमा तुरुंगातून पळताना स्वतःच्या मुलाला, कामरानला, मागे टाकून जाते. पुढच्याच भागात कमला त्याचं नाव घेते, आणि नजमा त्याच्यासाठी स्वतःला संपवून दोन जगांमधली फट बुजवते. या दोन टोकांच्या मधे मायलेकांचा एकही प्रसंग नाही. टाकून देणारी आई चार वाक्यांत जीव देणारी होते, तेव्हा प्रेक्षक हलत नाही, गोंधळतो. वर तिची शक्ती मैलोगणती दूर बसलेल्या कामरानमध्ये कशी शिरली, हेही कोणी धड सांगत नाही. सहा भागांत लग्न, फाळणी, दुसरं जग आणि सरकारी खातं एवढं सगळं कोंबलं की कुठेतरी कात्री लागणारच. ती खलनायिकेच्या वाट्याला आली.

शेवटच्या भागात कमला घाबरत घाबरत घरच्यांना आपलं गुपित सांगायला येते, तर अम्मीनं ते आधीच सगळ्यांना सांगून टाकलेलं! पोटात काही न राहणं हा आयांचा जागतिक गुण असावा. मग ती स्वतः शिवलेला पोशाख पुढे करते. त्यावरचं विजेचं चिन्ह कमलाच्या तुटलेल्या नावाच्या नेकलेसच्या आकारावरून घेतलेलं. हल्कच्या सलवार-कमीझमध्ये जे राहून गेलं होतं ते इथे सापडतं : या वेळी आईनं शिवण्याआधी पोरीकडे नीट बघितलेलं आहे.

पाचवा भाग झाला की दुसऱ्या भागातलं जेवणाचं टेबल पुन्हा लावून बघा. सना त्या रात्री गाडीपर्यंत कशी पोचली हे युसूफ रंगून सांगत असतो. सासूची गोष्ट जावई सांगतोय, आणि सख्ख्या लेकीला तो विषय नको झालाय.